रस्त्याकडे तोंड केलेल्या चपला

कुणाच्याही घरी गेल्या की त्या उंबऱ्याबाहेर चपला काढीत, मग वाकून त्या उलट फिरवीत आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवीत. वाकताना गुडघ्यातून बारीक आवाज येई. मी ते प्रथम पाहिले तेव्हा मला वाटले, एखादे व्रत असावे. मी विचारले नाही. मी सहसा काही विचारत नसे. पुढे एकदा त्यांनीच सांगितले, "निघायच्या टायमाला शोधत बसायला नको. बाळ काय माझी वाट बघत थांबतंय?"

गावात त्यांना शिस्टरबाई म्हणत. सरकारी कागदांवर त्या आमच्या उपकेंद्राच्या परिचारिका होत्या आणि सात गावांतल्या बाळंतपणांची जबाबदारी त्यांच्यावर होती. मी त्यांना सिस्टर म्हणत असे, आणि इथेही तेवढेच म्हणणार आहे. आपले नाव कुठे लिहिलेले त्यांना आवडले असते की नाही, हे विचारायचे राहून गेले. आणि माणसाला न विचारता त्याचे काही ठरवू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आमच्या शाळेच्या शिक्क्यावर अजून जुन्याच जिल्ह्याचे नाव होते. मुख्याध्यापक शिक्का उमटवीत, ते नाव शाईने खोडीत आणि वर बारीक अक्षरात 'लातूर' लिहीत. नव्या जिल्ह्याचे कौतुक पुरते ओसरायच्या आतच पावसाने पाठ फिरवली. एक वर्ष गेले, दुसरेही तसेच निघाले. मी लातूर आणि उदगीरच्या मधल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होते. पती नांदेडजवळ विष्णुपुरीला धरणाच्या कामावर, सासर उदगीरला, कापडाच्या दुकानाचे, आणि माहेर उमरीला. या साऱ्यांपासून दूर मी भाड्याच्या एका खोलीत राहत होते. त्या खोलीच्या भिंतीला लागून सिस्टरांचे क्वार्टर होते.

त्या नेहमी दमलेल्या असत. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांच्याकडे पाहून आपल्यालाच खाली बसावेसे वाटते. "बेजार झाले गं," असे त्या म्हणत. पण त्यात तक्रारीचा सूर नसे. किती वाजले हे सांगावे तसे ते वाक्य येई. सकाळी दोन गावे पायी, दुपारी एस.टी.ने तिसरे, आणि वर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे टारगेट. महिन्याच्या बैठकीत साहेब त्या टारगेटबद्दल विचारीत. बाळंतिणी किती सुखरूप घरी गेल्या, हे कुणी विचारीत नसे. हे त्यांनी मला एकदाच सांगितले, आणि मग पाणी बेताचे म्हणून अर्धाच कप केलेला चहा बशीत ओतून पिऊ लागल्या.

मला चौथा महिना लागला तेव्हा त्यांनी मला गाठले. चपला फिरवल्या, आत येऊन भिंतीला टेकून बसल्या आणि बाळंतपण कुठे करणार म्हणून विचारले. मी पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हटले, "तुम्ही म्हणाल तसं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "हे वाक्य माझ्यापुढं पुन्हा बोलू नको. दुसरं काय पण बोल."

मला वाटले, मी त्यांचा मान राखला होता. त्या का दुखावल्या हे मला कळेना.

त्यानंतर दर रविवारी दुपारी त्या माझी शिकवणी घेऊ लागल्या. मी शिक्षिका असल्याचा त्यांना त्यात थोडा आनंद होत असावा. बूड फुटलेले एक मडके त्यांनी कुठूनसे आणले होते आणि चिंध्यांची एक बाहुली शिवली होती. बाहुलीची हनुवटी छातीला लावून मडक्याच्या गळ्यातून ती कशी सहज निघते, मान ताठ असली की कशी अडते, आणि पाय आधी आले तर काय होते, हे त्या करून दाखवीत. मडक्याचा गळा म्हणजे कमरेचे हाड. मी आडवी झोपले तर तो गळा आवळतो, उकिडवी बसले तर थोडा मोकळा होतो, असे त्या सांगत. मग मला उकिडवे बसायला लावीत. केर उकिडवे बसून काढायचा, भाजी उकिडवे बसून निवडायची. कळ आली की ओरडायला हरकत नाही, पण श्वास कोंडायचा नाही. चुलीवर फुंकर घालावी तसा सोडायचा. मी फुंकर घाली आणि त्या डोळे मिटून ऐकत. बऱ्याचदा त्यांना तेवढ्यात डुलकी लागे. मी फुंकर घालतच राही, कारण थांबले की त्या जाग्या होत.

आणि खुणा. रक्त जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, पाणी हिरवट येणे. या खुणा त्या माझ्याकडून पाढ्यांसारख्या पाठ करून घेत.

मग त्यांनी तीन जागा माझ्यापुढे मांडल्या. उमरीला आई होती, पण तिथली विहीर आटली होती आणि दोन एस.टी. बदलून जायचे होते. उदगीरला सासूबाईंनी एक खाजगी दवाखाना मनात धरला होता. तिथे डॉक्टर होते, टेबल होते, आणि बाईला टेबलावर आडवे करून कळा वाढवायचे इंजेक्शन द्यायची पद्धतही होती. तिसरी जागा म्हणजे हे गाव आणि सिस्टर. मला वाटले, आता त्या स्वतःची बाजू घेतील. पण स्वतःबद्दल त्या सर्वांत कडक बोलल्या. "माझे हात चांगले हायत. पण माझ्याकडं रक्त न्हाई, डॉक्टर न्हाई. घटकेला गाडी मिळंल का, सांगता येत न्हाई. हे पण धर आणि मग बोल."

मी बोलले नाही. मला काय हवे ते मनात पक्के होते. मला इथेच राहायचे होते, उठूनफिरून कळा काढायच्या होत्या आणि आई जवळ हवी होती. पण ते ओठांबाहेर येईना. आमच्या घरात मुलींनी हवे-नको सांगायची पद्धत नव्हती. धडा वाचायला सांगितला की मी स्पष्ट वाचीत असे. मनातले वाचायला मला कुणी सांगितले नव्हते.

सिस्टरांनी त्यावर जो उपाय काढला, तो त्या दुष्काळातच सुचू शकत होता.

गावात एक दिवसाआड टँकर येई. त्याचे पाणी गावच्या आडात सोडीत आणि मग बायका दोर-पोहरे घेऊन ते शेंदीत. आठवा महिना लागलेल्या बाईने आडावर वाकायचे नाही, असा सिस्टरांचा नियम होता. तिने घागर घेऊन काठावर उभे राहायचे आणि प्रत्येक दोराकडे एक पोहरा मागायचा. पाच-सहा दोरांवर घागर भरे. अशा चार घागरी, झाकण ठेवून, बाळंतपणासाठी घरात वेगळ्या राहिल्या पाहिजेत, त्यांतले थेंबभरही कुणी घ्यायचे नाही. सारे गाव तो नियम पाळीत असे. अट एकच होती, मागायचे त्या बाईनेच. नवऱ्याने नाही, सासूने नाही, सिस्टरांनी तर नाहीच.

मी पहिल्या दिवशी घागर घेऊन गेले, काठावर उभी राहिले आणि रिकामी घागर घेऊन परत आले. दुसऱ्या खेपेलाही तसेच. बायका माझ्याकडे पाहत, पोहरा वर येई, दुसऱ्याच घागरीत रिकामा होई. मागितल्याशिवाय देऊ नका, अशी ताकीद त्यांना होती, हे मला नंतर कळले. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "बाईचा आवाज शाळेच्या कौलाला लागतोय म्हणं. आडावर कुठं गेला?" सगळ्या हसल्या. सिस्टर पिंपळाच्या पारावर बसून पायातला काटा काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

घरी आल्यावर मी त्यांच्यावर रागावले. म्हणजे चहा दिला आणि गप्प बसले. त्या म्हणाल्या, "जी बाई आडावर पोहरा मागत न्हाई, ती कळा आल्यावर टेबलावरून काय बोलंल?"

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. जिल्हा लांब होता तेव्हाची. एका बाईच्या पायांवर सूज दिसली म्हणून सिस्टरांनी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचे ठरवले. जीप मिळवली, तिला बसवले. जाशील ना, एवढेच विचारले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, शिस्टर." निम्म्या वाटेवर, उघड्या माळावर, जीपमध्ये तिला मूल झाले. ते जगले नाही. तिची आधीची दोन्ही बाळंतपणे तासाभरात झालेली होती, आणि तिच्या मते तिचे दिवस सिस्टरांनी लिहिले होते त्याच्या कितीतरी आधी भरले होते. तिला ते सांगायचे होते. जवळच्या गावात तालुक्याचा दवाखाना होता, तिथे थांबता आले असते. पण कुणी तिला विचारले नव्हते आणि तिने सांगितले नव्हते.

"मी हुकूम दिला आन् तिनं ऐकला," सिस्टर म्हणाल्या. "आता जिल्हा जवळ आलाय. पण बाईचं तोंड काय जवळ आलं न्हाई."

पुढच्या टँकरला मी काठावर उभी राहिले आणि म्हणाले, "मला एक पोहरा द्या." आवाज इतका बारीक होता की त्या म्हाताऱ्या बाईने कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटले. सातव्या पोहऱ्याला घागर भरून वाहिली, आणि पाणी सांडले म्हणून शिव्याही मलाच बसल्या.

नववा महिना लागला तेव्हा सासूबाई उदगीरहून आल्या. आम्ही त्यांना अव्वा म्हणत असू. कपाळभर विभूती, गळ्यात लिंगाची पेटी, आणि बोलण्यात दुकानाच्या गादीवरचा ठामपणा. बरोबर नांदेडहून माझे पतीही आले. अव्वांनी दवाखान्यात सांगून ठेवले होते, पिशवी भरायची तेवढी राहिली होती. पतींचे म्हणणे होते, अव्वा म्हणते तसे करावे. आणि मीही मान हलवणार, तोच सिस्टर आल्या. चपला फिरवल्या, दाराशी बसल्या. अव्वांनी सगळे पुन्हा एकदा सांगितले. सिस्टरांनी ते ऐकून घेतले आणि फक्त माझ्याकडे पाहिले. त्या इतक्या थकलेल्या दिसत होत्या की आणखी वाट पाहायला लावणे मलाच जड झाले.

मी म्हटले, "मला इथेच राहायचे आहे. आईला उमरीहून बोलावून घ्या. काही बिघडले तर लातूरला जायचे, तेव्हा मी हट्ट करणार नाही. पण तोवर मला आडवे करायचे नाही."

आयुष्यात घरच्या माणसांपुढे मी एवढी वाक्ये सलग बोलले नव्हते. अव्वांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले, जणू नवीन ठाण उलगडून पाहत होत्या.

"बोलती की ही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं मुकी सून मिळाली." आणि थोड्या वेळाने, "मग मी पण इथंच राहते. उदगीरला बसून काय करू?"

पती विष्णुपुरीला कामावर परतले आणि आई आली. दोन विहिणी एका खोलीत राहिल्या आणि माझ्या चार घागरींवर पहारा करू लागल्या.

कळा पहाटे सुरू झाल्या. सकाळभर मी शाळेच्या ओसरीत फेऱ्या घातल्या. खांबाला धरून उकिडवी बसले, फुंकर घातली. सिस्टर पायरीवर बसून होत्या. मधूनच उठून अॅल्युमिनियमची नळी पोटाला लावून ठोके ऐकत आणि मग ती नळी अव्वांच्या कानाला देत. अव्वा ठोके ऐकून "घोडं पळतंय" म्हणत. सारे ठीक चालले होते. दुपारच्या सुमारास पाणमोट फुटली, आणि पाणी हिरवट होते.

सिस्टरांनी खूप वेळ नळी लावून ऐकले. मग माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. "पाणी हिरवं आलंय, बाळानं आतच शी केलीय. ठोके बरे हायत. इथं होईल, पण बाळानं घाण ओढून घेतली तर ती काढायचं माझ्याकडं काय न्हाई. लातूरला हाय. गाडीनं तास-सव्वा तास. पहिलटकरीण हायस, एवढा वेळ मिळंल असं मला वाटतंय. वाटतंय, खात्री न्हाई. आता तू बोल."

त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. एवढ्या वेदनांत तरी यांनी ठरवून टाकावे. ते जुने वाक्य माझ्या जिभेवर होते. त्यांनाही ते दिसले असावे, कारण त्यांनी नजर वळवली नाही. मी एक कळ जाऊ दिली आणि म्हटले, "लातूर."

त्यांच्या पायांत चपला होत्याच.

गावात त्या वेळी एकच गाडी होती, आणि ती म्हणजे टँकर. तो आडापाशी उभा होता, तोटी नुकतीच उघडली होती. भरल्या टँकरने वेगात जाता येणार नव्हते, आणि पाणी माळावर सोडून द्यावे असे त्या वर्षी कुणाच्या तोंडून निघणे शक्य नव्हते. म्हणून टँकर रिकामा होईपर्यंत थांबायचे ठरले. त्या वेळात मी टँकरभोवती फेऱ्या घातल्या. कळ आली की मागच्या शिडीची दांडी धरून उकिडवी बसे. वरून पाणी ठिबकत होते आणि ते पाठीवर गार लागत होते. बायकांनी दोर सोडलेच नाहीत. त्या काठावर उभ्या राहून माझ्याबरोबर फुंकरा घालत होत्या. ती म्हातारी म्हणाली, "मास्तरणीनं आज सगळ्या आडाला शाळा लावली."

ड्रायव्हरशेजारी आई, मी आणि सिस्टर असे दाटीने बसलो. अव्वा मागे राहिल्या; त्यांनी एक घागर आमच्या पायांशी ठेवली होती. खड्डा आला की सिस्टर माझ्या कमरेत मूठ दाबून धरीत. माळ ओलांडताना मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि रस्त्याला लागल्यावरच उघडले. तो माळ कोणता होता, हे मी विचारले नाही.

लातूरच्या दवाखान्यात मला टेबलावर झोपायला सांगितले. सिस्टर दाराशी थांबल्या होत्या. त्या काही बोलतील म्हणून मी पाहिले. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मी तिथल्या नर्सला म्हटले, "मला बसायचे आहे. झोपून मला जमत नाही." ती कुरकुरली, तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, बसू दे. तासाभरात मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. तिच्या नाकातोंडातून नळीने ते हिरवे पाणी ओढून काढले, आणि मग ती बारीक आवाजात रडली. माझ्यासारख्याच आवाजात, असे आई म्हणते.

मी दाराकडे पाहिले तेव्हा सिस्टर नव्हत्या. बाहेरच्या बाकावर बसल्या-बसल्या त्यांना झोप लागली होती.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास त्यांची बदली झाली. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मुखेडजवळच्या त्यांच्या गावी भावाच्या घरी राहायला गेल्या. मी पत्र लिही. त्यांचे उत्तर कार्डावर तीन ओळींत येई आणि शेवटची ओळ ठरलेली असे, 'मुलगी बोलते का?' मुलगी बोलत असे. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

खूप वर्षांनी त्या आजारी असल्याचे कळले आणि मी मुखेडच्या एस.टी.त बसले. त्या खाटेवर होत्या, अगदी लहान झालेल्या, पोट तेवढे मोठे. खाटेभोवती भाचे चर्चा करीत होते. नांदेडला न्यावे, मोठ्या डॉक्टरांना दाखवावे, शस्त्रक्रिया करावी. जीपही सांगितलेली होती. सगळे प्रेमाने बोलत होते, आणि सगळे त्यांच्या खाटेच्या वरून बोलत होते. मला पाहून थोरला म्हणाला, बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, आत्याला तुम्ही समजावा.

माझे वय तेव्हा पन्नाशीकडे झुकले होते, तरी हाताने पदराचे टोक शोधलेच. मी म्हटले, "त्यांना विचारलेत का?"

मी खाटेशी बसले. "सिस्टर, तुम्हाला काय हवे आहे?"

त्यांनी बराच वेळ घेतला. मी थांबले, थांबायचे मी त्यांच्याकडून शिकले होते. "पोटात काय झालंय ते मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "कापून काय मिळणार ते पण ठाऊक हाय. डॉक्टरनं सांगितलं, मी नीट विचारून घेतलं. मला इथंच राहायचं हाय. लई बेजार झाले." मग भाच्यांकडे पाहून, "ही पोहरा मागायला दोन खेपा लाजली होती. आता बघा."

भाचा बाहेर गेला. थोड्या वेळाने जीप निघून गेल्याचा आवाज आला.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी उठले. दाराशी त्यांच्या चपला होत्या. कुणीतरी त्या आत सरकवून ठेवल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. वर धूळ बसली होती. मी वाकले, पदराने धूळ पुसली आणि त्या फिरवून रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या. माझ्याही गुडघ्यातून आवाज आला.

खाटेवरून त्या पाहत होत्या. "आता कशाला," त्या म्हणाल्या. "मला कुठं जायचंय. होत्या तशा ठेव."

मी त्या पुन्हा भिंतीकडे फिरवल्या.